शुगर मोजली, मनाचे काय?

इफ्तारच्या दस्तरखानावर असा एक माणूस पुष्कळ घरांत असतो. सगळ्यांबरोबर अजानची वाट बघतो, खजूर उचलतो. पण त्याचा रोजा नसतो. मधुमेहामुळे डॉक्टरांनी मनाई केलेली असते. दुपारची गोळी आणि चार घास त्याने आतल्या खोलीत, दार लोटून घेतलेले असतात. आजाऱ्याला कुरआनने सूट दिली आहे, आणि आजार कायमचा असेल तर फिदिया, म्हणजे गरिबाला जेवू घालणे, सांगितले आहे. पण ती सूट घेताना मन खाते. शेजारच्या आजींची एकादशी गोळ्यांपायी मोडते, तेव्हा त्यांचेही हेच होते.

मग हा माणूस हळूहळू गप्प होत जातो. तरावीहला जाणे टाळतो, ईदच्या खरेदीत त्याचे लक्ष नसते. घरचे म्हणतात, ‘‘अब्बांची शुगर वाढली असेल.’’ कधी ते खरेही असते, आणि घोटाळा तिथेच होतो. थकवा, मोडलेली झोप, कमी-जास्त भूक, कशातच मन न लागणे... यातले मधुमेहाचे किती आणि नैराश्याचे किती? रात्री तीनदा उठणारा माणूस लघवीला उठतो की विचारांनी, हे शेजारी झोपलेल्यालाही कळत नाही.

सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने दीर्घ दुःखाला मधुमेहाच्या कारणांत गणले होते. २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा मधुमेहींत नैराश्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली. उलट दिशेनेही तेच: नैराश्य असलेल्यांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका जास्त. सततच्या ताणात कॉर्टिसॉल वाढते, यकृत रक्तात जादा साखर सोडते, इन्सुलिनचा असर कमी पडतो. याहून साधी गोष्ट म्हणजे, ज्याला सकाळी उठावेसेच वाटत नाही तो फिरायला कसा जाणार? गोळी चुकते, साखर चढते, दवाखान्यात बोलणी बसतात आणि माणूस पुढची तारीखच टाळतो.

दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील मधुमेह दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर एक प्रयोग झाला. निष्कर्ष २०२० मध्ये आले. साखर आणि मन दोन्हींची विचारपूस करणारा एक कर्मचारी नेमला, तो रुग्णांच्या संपर्कात राहिला, त्याच्या मागे डॉक्टरांचा सल्ला होता. नेहमीच्या उपचारांपेक्षा या गटाचे नैराश्य आणि साखर दोन्ही अधिक सुधारले. खर्चिक यंत्र त्यात काहीच नव्हते.

घरातही दोन प्रश्न विचारता येतात: गेल्या दोन आठवड्यांत उदास, हताश वाटत होते का? आवडत्या गोष्टींतला रस गेला का? उत्तर ‘बहुतेक दिवस’ असे आले तर साखरेच्या डॉक्टरांना ते सांगावे. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. ज्यांना डॉक्टरांनी रोज्याची परवानगी दिली आहे, त्यांनी दिवसा साखर जरूर तपासावी. बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा.

आणि दुपारचे ते ताट आतल्या खोलीतून बाहेर आणता येईल. रोज्याच्या वयाची न झालेली नात घरात असतेच. तिलाही एकटीने जेवायचा कंटाळा येतो.