चित्र हरवले कोठे?

घरातील एखादे यंत्र चालेनासे झाले, की आपण प्रथम त्या यंत्रावरच संशय घेतो. दिवा लागला नाही तर दिवा बाद ठरतो; तारेकडे लक्ष जाते ते मागाहून. संगणकात बसविलेल्या टी.व्ही. ट्यूनर कार्डाच्या वाट्यालाही हाच अन्याय येतो. त्याची एक हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यात दुबलगुंडी नावाचे गाव आहे. कन्नड, मराठी आणि दख्खनी या तिन्ही बोली कानी पडाव्यात, असा हा मुलूख. माझी बहीण तेथे राहते. तिच्या मुलाने माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, पुसून स्वच्छ केला आणि चालू केला. संगणक सुरू झाला, परंतु टी.व्ही.च्या खिडकीत नुसत्या मुंग्या! भाचा म्हणाला, "मामा, कार्ड बाद झालंय. एक पण चॅनल दिसंना."

कार्ड बाद झाले होते काय? हे ठरविण्यापूर्वी ते काय काम करते, हे पाहिले पाहिजे. कार्डावर पत्र्याची एक लहानशी डबी असते, तोच ट्यूनर. अँटेनाच्या तारेतून एकाच वेळी येणाऱ्या अनेक लहरींतून तो हवी ती एक वेचून काढतो. पुढची चकती त्या लहरीतील चित्राचे आकड्यांत रूपांतर करते. आपल्याकडील जुन्या पाल पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा असतात आणि अशी २५ चित्रे दर सेकंदास येतात. मग ड्रायव्हर नावाची आज्ञावली हे आकडे संगणकाच्या हवाली करते. अँटेना, तार, ट्यूनर, चकती, ड्रायव्हर आणि पडदा अशी ही साखळी आहे. तिची कोणती कडी तुटली, एवढेच शोधावयाचे असते.

यासाठी साखळी मधोमध तपासावी. बहुतेक कार्डांना पिवळ्या रंगाचे एक भोक असते. तेथून येणारे चित्र ट्यूनरला वगळून थेट चकतीकडे जाते. आम्ही जुना व्ही.सी.आर. त्या भोकाला जोडला आणि खिडकीत चित्र उमटले! म्हणजे चकती, ड्रायव्हर आणि पडदा ठीक होते. दोष असलाच तर तो ट्यूनरमध्ये किंवा त्याच्याही अलीकडे होता.

आणि खरोखर तो घराबाहेरच होता. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या 'साइट' या उपग्रह-प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी घेतली होती. शेजारचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी जिल्हा त्यांत होता. लहरी झेलण्यासाठी तारेच्या जाळीच्या दहा फुटी ताटल्या तेव्हा खेड्यांत उभ्या राहिल्या. पुढे १९७७ मध्ये गुलबर्ग्याला दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्रही आले. परंतु या जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ अखेर बंद करण्यात आली. केबलवाल्यांनाही २०११ च्या कायद्याने नवी अंकीय पद्धत स्वीकारावी लागली. तिच्या शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. जुने कार्ड कान देऊन बसले होते. बोलणारेच निघून गेले होते. कार्ड बदलून येथे काही साधणार नव्हते.

मग अशा कार्डाचा आता उपयोग काय? आमच्या घरी तो फार मोठा होता. बहिणीच्या १९९४ सालच्या लग्नाची एकच कॅसेट उरली आहे. हळदीच्या दिवशी आमच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या तीत आहेत. आई आता नाही. तिचा आवाज दुसरीकडे कोठेही नाही. फितीवरचे चुंबकत्व वर्षागणिक क्षीण होते, फितीला बुरशी लागते, आणि व्ही.सी.आर. तयार करणाऱ्या फुनाई या अखेरच्या जपानी कारखान्यानेही २०१६ मध्ये ते काम थांबविले. ती फीत संगणकात उतरविण्यास घरात साधन होते ते हे 'बाद' कार्डच.

आम्ही कॅसेट लावली. प्रथम चित्र काळेपांढरे आले आणि वरखाली धावू लागले. याचे कारण, आज्ञावलीत अमेरिकेची ५२५ रेषांची एन.टी.एस.सी. पद्धत निवडलेली होती. ती बदलून 'पाल' करताच चित्र स्थिर झाले आणि हळदीचा पिवळा रंग दिसू लागला. आवाजही ऐकू येत होता. दहा मिनिटे उतरवून घेतली आणि लावून पाहिली, तो चित्र आहे, आवाज मात्र नाही! आईचे ओठ हलत होते, जाते फिरत होते आणि ओवी मुकी होती. बहीण उठून आत गेली.

हा दोष फार जणांना चकवितो. चित्र कार्डातून येते, पण व्ही.सी.आर.चा आवाज वेगळ्या तारेने संगणकाच्या ध्वनी-भागाकडे न्यावा लागतो. ती तार निळ्या, 'लाइन-इन' म्हणविणाऱ्या भोकात बसवावी. गुलाबी भोक मायक्रोफोनचे असते, तेथे आवाज फाटतो. आमची तार योग्य भोकातच होती. परंतु ऐकण्याची आणि नोंदविण्याची व्यवस्था संगणकात निरनिराळी असते. कर्ण्याकडे आवाज जात होता. नोंदविण्याच्या यादीत मात्र 'मायक्रोफोन' निवडलेला होता. तेथे 'लाइन-इन' केले आणि गाठ सुटली.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कार्ड मुळीच ओळखले गेले नाही, तर संगणक बंद करून विजेची तार काढावी, पेटीच्या धातूस हात लावून अंगची स्थितिक वीज उतरवावी आणि कार्ड खाचेत पुन्हा नीट बसवावे. जुना ड्रायव्हर नव्या विंडोजवर बहुधा चालत नाही. म्हणून जुनाच संगणक वापरावा, पण इंटरनेटला जोडू नये. फीत उतरविताना दुसरे काम चालवू नये. चित्रे गळतात आणि ओठ व आवाज यांची फारकत होते. जागाही पुष्कळ लागते. संकोच न करता साठविले, तर दर सेकंदास सुमारे २ कोटी बाइट, म्हणजे तासाला ७५ अब्जांच्या आसपास बाइट होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रथम पाच मिनिटांचा नमुना उतरवून तो डोळ्यांनी आणि कानांनीही तपासावा. जुनी फीत पुन्हापुन्हा फिरविण्याइतकी सशक्त नसते.

दुसऱ्या खेपेस फीत अखेरपर्यंत नीट उतरली. त्या नोंदीच्या दोन प्रती केल्या. एक दुबलगुंडीस राहिली, दुसरी मी घेऊन आलो. निघताना भाच्याने ते कार्ड कापडात गुंडाळून कपाटात ठेवले. म्हणाला, "मामा, शेजारच्या काकूंकडं पण एक कॅसेट हाय."