बटणांच्या मोबाईलवरील सणाचे कोडे : वेष आणि व्यवस्था

भाषेची व्यवस्था समजावून देताना सोस्यूरने बुद्धिबळाचा दाखला पुन्हापुन्हा घेतलेला आहे. सोंगट्या लाकडाच्या असोत की हस्तिदंताच्या, खेळाच्या व्यवस्थेला त्याचे सोयरसुतक नसते. सोंगट्यांची संख्या कमीअधिक केली, की मात्र खेळाचे व्याकरणच बदलते. त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहातील हा विचार सांगलीसारख्या गावात समजावून देण्यास फारसे कष्ट पडू नयेत. कारण तेथील नूतन बुद्धिबळ मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पट मांडायला शिकविले आहे. मराठी बुद्धिबळात तर या विचाराचा एक अधिक पुरावा हाताशीच आहे. इंग्रजीत जो धर्मगुरू तो येथे उंट, तेथील राणी ती येथे वजीर. वेष निराळा, चाल तीच. (जुन्या देशी पद्धतीच्या बुद्धिबळाचे काही नियम वेगळे होते हे खरे, पण तो नियमांतील भेद होय, नावांतील नव्हे.)

याच विचाराची परीक्षा एका अगदी सामान्य वस्तूने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घेतली. ती वस्तू म्हणजे बटणांच्या मोबाईलवर खेळले जाणारे सणाच्या वेषातील कोडे. शासनव्यवहारात ‘भ्रमणध्वनी’ असे म्हटले जात असले, तरी सातारा-सांगलीकडे या यंत्राला ‘साधा मोबाईल’ किंवा ‘बटणाचा मोबाईल’ असेच म्हणतात, आणि हे विशेषण स्पर्शपटलाचे मोबाईल आल्यानंतरच लागले, हे अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. त्यापूर्वी तो नुसता मोबाईल होता.

या खेळाची रचना अशी. चौकोनी पटावर निरनिराळ्या आकृत्या भरलेल्या असतात. २ या अंकाने खूण वर जाते, ८ ने खाली, ४ ने डावीकडे, ६ ने उजवीकडे. ५ ने निवड होते. शेजारच्या दोन आकृत्यांची अदलाबदल करून एका ओळीत तीन सारख्या आणावयाच्या. तसे झाले की त्या तिन्ही नाहीशा होतात, वरच्या खाली घसरतात आणि माथ्यावरून नव्या येतात. या कल्पनेचा उगम १९९४ साली येवगेनी आलेम्झिन या रशियन संगणककाराने रचलेल्या ‘शारिकी’ या खेळात सापडतो. नावाचा अर्थ ‘छोटे गोळे’. २००१ साली पॉपकॅप या अमेरिकन कंपनीच्या ‘बिज्वेल्ड’मध्ये गोळ्यांची रत्ने झाली : आठ गुणिले आठ घरे आणि सात जातींची रत्ने. पुढे नाताळ आला की रत्नांच्या जागी घंटा, तारे, रंगीत गोळे आणि भेटींची खोकी आली. चाल तीच राहिली.

वेष इतक्या सहज बदलता आला, याचे कारण यंत्राच्या घडणीत आहे. जावा भाषेत लिहिलेल्या या खेळांच्या फाईलमध्ये नियमांची आज्ञावली आणि चित्रे वेगवेगळी ठेवलेली असत. चित्रे बदलली की नवा सण तयार. जागा मात्र फार थोडी. नोकियाच्या सुरुवातीच्या काही मोबाईलवर एका खेळाची फाईल ६४ किलोबाइटांहून मोठी चालत नसे, आणि पडदा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा असे. वरची सोळा ठिपक्यांची पट्टी गुणांसाठी राखली, की प्रत्येकी सोळा ठिपक्यांची आठ घरे आडवी आणि सात घरे उभी बसतात. म्हणजे एका आकृतीस मिळतात सोळा गुणिले सोळा, अर्थात २५६ ठिपके. एवढ्यात सण बसवावयाचा.

येथे दिवाळीचा फराळ पटावर मांडून पाहणे उद्‌बोधक ठरेल. करंजीची चंद्रकोर ओळखू येईल. पणती ज्योतीमुळे ओळखू येईल. आकाशकंदील त्याच्या शेपट्यांमुळे चालून जाईल. परंतु लाडू आणि अनारसा दोन्ही वाटोळे, दोन्ही बदामी. चकलीचे वेढे इतक्या ठिपक्यांत एकमेकांत मिसळून तिचाही लाडूच होणार. फराळाच्या ताटात अनारशाचा मान केवढाही असो, पटावर त्याला जागा नाही. चिन्हाची निवड सणातील महत्त्वाने होत नाही, ती शेजारच्या चिन्हापासून वेगळे दिसण्याच्या शक्तीने होते. वर्णव्यवस्थेत स्वनिमाचे जे स्थान तेच येथे आकृतीचे, आणि जातींच्या संख्येलाही तशीच मर्यादा आहे. जाती फार थोड्या असल्या की आकृत्या आपोआप जुळत राहतात आणि खेळणाऱ्याला काम उरत नाही. फार अधिक झाल्या तर चालच सापडत नाही.

यावरून एक गोष्ट उलगडते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, टोकाशी वाकलेली साखरेची कांडी सातारच्या मुलाने कधी पाहिली नसली, तरी त्याचे काही अडत नाही. ती हिरव्या झाडाहून आणि पिवळ्या घंटेहून निराळी दिसते, एवढे पुरे. नाताळ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला, सणाची ओळख थोडीबहुत झाली. परंतु खेळ जिंकण्यासाठी तिचीही गरज नव्हती. सोस्यूरचे म्हणणे इथवर निर्विवाद टिकते.

तथापि खेळ पडद्यावर संपत नाही. तो तोंडाने बोललाही जातो. तेथे वेष आणि व्यवस्था इतक्या स्वच्छपणे वेगळ्या राहत नाहीत.

पडद्यावरचे मोजके शब्द इंग्रजी व रोमन लिपीत असत, आणि त्यांतील नामे तशीच मराठीत आली : लेव्हल, स्कोअर, चान्स, लाईफ. ‘लेव्हल’ स्त्रीलिंगी झाली, बहुधा पायरी आणि पातळी यांच्या शेजारी बसल्यामुळे. ‘गेम’ मात्र पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी असा दोन्ही तऱ्हांनी ऐकू येतो. ‘सेव्ह करणे’, ‘डिलीट होणे’ अशी संयुक्त क्रियापदे अपेक्षितच होती. प्रत्यक्ष चालींसाठी मात्र मराठी क्रियापदेच राहिली : सरकवणे, जुळवणे, अडकणे. त्यांत फोडणे-फुटणे ही जोडी विशेष लक्षणीय आहे. खेळणाऱ्याने बुद्ध्या तीन आकृत्या जुळविल्या, तर ‘मी फोडल्या’; त्या घसरून खाली दुसऱ्या तीन अनपेक्षितपणे जुळल्या, तर ‘आपोआप फुटल्या’. कर्तृत्व कोणाचे, हा भेद यंत्र दाखवीत नाही. ते दोन्ही प्रसंगी गुणच वाढविते. मराठीच्या क्रियापदव्यवस्थेत तो आधीपासून आहे, म्हणून बोलणाऱ्याला तो करावाच लागतो.

जुन्या खेळांच्या शब्दांचे काय झाले, हे पाहिले म्हणजे निवडीचे तत्त्व आणखी स्पष्ट होते. ‘डाव’ टिकला, पाळी, खेळाची एक फेरी आणि युक्ती हे त्याचे तिन्ही अर्थ येथे लागू पडतात. सोंगट्यांच्या पटावरील ‘घर’ टिकले. हुतूतूतील ‘मेला’ टिकला, कारण ‘लाईफ’ जाणे म्हणजे मरणेच. ‘राज्य’ मात्र आले नाही. लपंडावात ज्याच्यावर राज्य येते, त्याची भूमिका एकट्याने खेळावयाच्या कोड्यात रिकामीच असते. भूमिका नाही म्हणून शब्द नाही. ‘रडीचा डाव’ही यंत्रापुढे चालत नाही, परंतु घरात एकच मोबाईल आणि मागणारी भावंडे तीन असली, की तो पडद्याबाहेर भरपूर चाले.

सण आणि सुट्टी यांची गल्लतही येथेच तपासली पाहिजे. इंग्रजी ‘हॉलिडे’त पवित्र दिवस आणि रजेचा दिवस एकवटलेले आहेत. मराठीने ते वेगळे ठेवले. सुट्टीचे नाते सुटण्याशी आहे. शाळा सुटते, गाठ सुटते आणि कोडेही सुटते. खेळ रचणाऱ्याने चित्रात घातला तो सण. सातारा-सांगलीच्या मुलाला मोबाईल हाती येई तो सुट्टीत. नाताळच्या घंटा आजोळी मे महिन्याच्या दुपारी फुटत असल्या, तरी त्यात विसंगत असे कोणालाच काही वाटण्याचे कारण नव्हते. त्याचा खरा सण अंगणात होता : अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मातीचा किल्ला आणि उंबऱ्याबाहेर ठिपक्यांची रांगोळी. ठिपके मोजून, ओळी राखून काढलेली रांगोळी हीदेखील चौकटीतली आकृतीच होय. पण तेथे कमळाच्या जागी घंटा काढली, तर घरातील वडीलधारी विचारल्यावाचून राहणार नाहीत. रांगोळीत वेष हा व्यवस्थेचाच भाग आहे.

बत्तीस शिराळ्याचे उदाहरण याहून बारीक आहे. नोकियाच्या मोबाईलवरील १९९७ पासूनच्या प्रसिद्ध खेळाला मराठीत ‘सापाचा गेम’ म्हणतात, ‘नागाचा’ नव्हे. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात साप आणि नाग यांतील अंतर कोणाला सांगावे लागत नाही. पडद्यावरचा प्राणी चौकोनांची एक लांबत जाणारी रांग. त्याला फणा नाही, म्हणून तो नाग नाही. ठिपक्यांच्या दारिद्र्यातही शब्दाची निवड नेमकी झाली.

या खेळांच्या फाईली हौशी संग्राहकांनी बऱ्याच जपल्या आहेत. खेळताना बोललेले मराठी मात्र कोणत्याही फाईलीत नाही. ते तेव्हाच्या मुलांच्या, म्हणजे आजच्या तिशी-चाळिशीतल्या माणसांच्या स्मरणात आहे, आणि मोबाईल हाती दिल्याशिवाय ते सहसा वर येत नाही. नुसती प्रश्नावली पाठविणाऱ्याला ‘लेव्हल’ मिळेल, ‘आपोआप फुटल्या’ मिळणार नाही. असे संकलन करणाऱ्याने जत तालुक्यात अधिक सावध राहिले पाहिजे. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० वर ‘बंटुमी’ नावाचा खेळ होता. खळग्यांतून दाणे उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकीत जावयाचे. कर्नाटकात हीच जात ‘अळगुळी मणे’ या नावाने लाकडी पाटावर पूर्वापार खेळली जाते, आणि जतच्या सीमेवरील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. तेथे मोबाईलवरच्या खेळाला शब्द पुरविले असतील ते मराठीने की कन्नडने, हे मराठीतून प्रश्न विचारणाऱ्याला कळणे कठीण आहे.