शिबंदी कशी निवडावी?

बुद्धिबळात एक पाळी आपली, एक प्रतिपक्षाची. संगणकावरील काही युद्धखेळही पाळ्यांच्या हिशेबाने चालतात. ‘फ्रीसिव्ह’ हा त्यांपैकी एक. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो रचला आणि १९९६ साली तो प्रथम लोकांसमोर आला. तो विनामूल्य मिळतो व साध्या संगणकावर चालतो. नगरे वसवावीत, विद्या वाढवाव्यात आणि शेजाऱ्यांपासून आपले रक्षण करावे, असा हा खेळ. त्यातील एकाच प्रश्नाचा विचार मी येथे करणार आहे : नगराच्या रक्षणाला कोणते सैनिक ठेवावेत?

नवखा खेळाडू घोडेस्वार ठेवतो, कारण तो दिसायला रुबाबदार. पण त्याचे चढाईचे बळ २ आणि बचावाचे १. उलट ‘फॅलँक्स’ या ढालाईत पायदळाचे चढाईचे बळ १, बचावाचे २. उभारणीचा खर्च दोघांचा सारखाच. नगरात ठाण मांडलेल्या पायदळाचे बळ दीडपट धरतात, म्हणजे दोनाचे तीन होतात. भोवती तट असेल तर तिनाचे सहा. दगडफेक्या यंत्राचे चढाईचे बळ सहाच आहे. म्हणजे तटाआडचा साधा पायदळी त्या महागड्या यंत्राला बरोबरीने तोंड देतो. माणूस आणि भिंत यांचा हा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. बचावाचे बळ शून्य असेल तर तट कितीही उंच असून उपयोग नाही.

दुसरा नियम मिश्रणाचा. हल्ला आला की त्या विशिष्ट शत्रूविरुद्ध जो सर्वांत समर्थ, तोच सैनिक पुढे होतो. भालाईत घोडदळासमोर दुप्पट भारी पडतो, इतरांसमोर नाही. म्हणून एकाच जातीचे चार सैनिक ठेवण्यापेक्षा वेगवेगळ्या गुणांचे दोन-तीन बरे. चार ठेवले तर त्यांचे पोषण नगरावरच पडते आणि ग्रंथालय, बाजार बांधायचे राहून जातात.

हे नियम आपल्याकडे नवे नाहीत. सभासदाच्या बखरीत शिवकालीन गडांची व्यवस्था आली आहे. गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे अधिकारी, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. नऊ पाइकांवर दहावा नाईक. गडाखालच्या रानात व घेऱ्यात रामोशी, महार, मांग, बेरड यांचे पहारे असत. त्या रानाची प्रत्येक वाट त्यांना ठाऊक होती. पोवाड्यात त्यांची नावे क्वचितच येतात. पण शत्रूची चाहूल प्रथम त्यांनाच लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आणखी एक बारकावा आहे. गडावर झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झऱ्यांचे पाणी कमी होते. म्हणून टाकी-तळी बांधून ठेवावीत. शिबंदी म्हणजे केवळ हत्यारी माणसे नव्हेत, हे यातून दिसते.

कारभार तिघांकडे का दिला असेल? याचे उत्तर मला खेळातच सापडले. फ्रीसिव्हमध्ये शत्रूचा वकील थैली घेऊन येतो आणि राजधानी सोडून दुसरे एखादे नगर आतूनच फोडतो. तेथे तट कामी येत नाही. आपलाही एक वकील नगरात असावा लागतो. न्यायालय बांधले तर फितुरीची किंमत वाढते. नाशिकजवळच्या रामशेजला १६८२ साली मोगलांनी वेढा घातला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकडाच्या तोफांना कातडे मढवून मराठे वर्षानुवर्षे लढले. अखेरीस तो गड मोगलांनी लढून घेतला नाही, पैसा देऊन घेतला, असे इतिहासकार सांगतात. एका माणसाला विकत घेणे सोपे. एकमेकांवर नजर असलेल्या तिघांना घेणे अवघड.

आणि दूर नाशिकला तरी कशाला जावे? आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. जिजाऊंच्या या जन्मगावी काळाकोटाच्या जाड दगडी भिंती आजही पाहायला मिळतात. परंतु जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव कोणत्याही तटावर पडले नाहीत. १६२९ साली दौलताबादेस निजामशाहाच्या दरबारात, मुलांसह, दगा देऊन त्यांना मारण्यात आले. तट जेथे होता तेथे वार झालाच नाही.

म्हणून माझे मत असे : प्रथम बचावाचे बळ पाहावे, मग तट बांधावा, मग निरनिराळ्या गुणांची माणसे जोडावीत, आणि या सर्वांआधी घात बाहेरून होईल की आतून याचा अंदाज घ्यावा. खेळात चुकले तर पुढचा डाव मांडता येतो. सिंदखेडच्या जाधवरावांना तशी दुसरी पाळी मिळाली नाही.