हुडकेश्वरमध्ये इलेक्ट्रिशियन बोलावताय? कूलर सुरू करण्याआधी त्याला हे ५ प्रश्न विचारा

एप्रिल लागला की नागपुरात दोन कामं ठरलेली असतात. एक, कूलर बाहेर काढून त्याला नवा वाळा लावायचा. दुसरं, कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकायचा, "कोणाकडे चांगल्या इलेक्ट्रिशियनचा नंबर आहे का?"

नंबर पाच मिनिटांत मिळतो. माणूस येतो, प्लग बदलतो, पंप चालवून बघतो, पैसे घेतो आणि जातो. कूलर सुरू झाला म्हणजे काम झालं, असं आपण धरून चालतो.

घोळ इथेच आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात, आणि कूलर जपून वापरा असं आवाहन महावितरणला पुन्हा पुन्हा करावं लागतं. लोखंडी बॉडी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस. यातली एक वायर सोलली गेली तरी पुरे.

मग इलेक्ट्रिशियन बोलावताना नेमकं बघायचं काय? तेच समजून घेऊ.

आधी हे बघा, जबाबदारी कोणाची?

म्हाळगी नगर चौकातून हुडकेश्वर रोडने पिपळा फाट्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना ले-आउट आणि बांधकामं दिसतात. एकेकाळी ग्रामपंचायत असलेला हा भाग नंतर नागपूर महापालिकेत आला. अशा वाढत्या वस्तीत घर एकदम पूर्ण होत नाही. आधी दोन खोल्या, मग वरचा मजला, मग भाडेकरूसाठी मागची खोली.

घर वाढतं, पण वायरिंग अनेकदा पहिल्या दोन खोल्यांचंच राहतं. त्याच्यावरच दीड टनाचा एसी, २००० वॉटचा गिझर आणि दोन कूलर चढतात. २००० वॉटचा एकटा गिझरच जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. लाईट-पंख्यासाठी टाकलेल्या बारीक वायरवर असं ओझं आलं की ती तापते, जोड सैल होतात आणि एक दिवस बोर्डातून जळका वास येतो.

अशा वेळी बरेच जण महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करतात. खांबावरची, सर्व्हिस वायरची किंवा मीटरची तक्रार असेल तर ते बरोबरच आहे. मीटरच्या पुढचं, घराच्या आतलं वायरिंग मात्र आपलं. ते नीट ठेवण्याची जबाबदारीही आपलीच.

लायसन्स लागतं का हो?

लागतं, पण प्रत्येक कामाला नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम २०१० साली आले आणि २०२३ मध्ये नव्याने लागू झाले. त्यात कामाचे सरळ दोन भाग पडतात.

बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच जसाच्या तसा बदलायचा असेल तर लायसन्सची अट नाही. पण नवीन वायरिंग, वाढीव पॉइंट, वरच्या मजल्याची लाईन, म्हणजे ज्याने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलतं असं काम लायसन्सधारक ठेकेदारामार्फतच करायचं असतं. पर्यवेक्षक आणि वायरमन या दोघांकडेही आपापला परवाना हवा.

महाराष्ट्रात हे काम राज्य सरकारच्या विद्युत निरीक्षक यंत्रणेच्या अखत्यारीत येतं. नवीन वीज जोडणी घेताना जो टेस्ट रिपोर्ट लागतो, तोही अशाच ठेकेदाराच्या सहीचा असतो. शिवाय आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे दोन ट्रेड आहेत. समोरचा माणूस काय शिकलाय, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

एमसीबी आहे ना, मग कशाला घाबरायचं?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही.

हिशेब बघा. कूलरच्या लाईनवर १६ अँपिअरची एमसीबी आहे. म्हणजे १६,००० मिलिअँपिअरपर्यंत तिला सगळं ठीकच वाटतं. आणि माणसाच्या छातीतून साधारण १०० मिलिअँपिअर करंट काही सेकंद गेला तरी हृदय बंद पडू शकतं. एवढ्याशा करंटची एमसीबीला दखलही घ्यावीशी वाटत नाही.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत येतोय का, एवढंच ती बघत बसते. कमी आला तर तो कुठेतरी गळतोय, कदाचित कोणाच्या तरी अंगातून. मग ती क्षणार्धात लाईन तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्यायची. ९ वॉटचा एलईडी बल्बसुद्धा यापेक्षा जास्त करंट घेतो, यावरून ती किती बारीक लक्ष ठेवते ते कळेल.

आणि अर्थिंग?

कूलरच्या बॉडीला फेज लागला तर तो करंट जमिनीत नेणारी वाट म्हणजे अर्थिंग. ती चांगली असेल तर एकदम मोठा करंट वाहतो आणि एमसीबी पडते. नसेल तर बॉडीत २३० व्होल्ट तसेच थांबून राहतात, कोणीतरी हात लावेपर्यंत.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंगचा खड्डाही सुकतो. म्हणजे कूलरला अर्थिंगची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच ती सगळ्यात कमजोर असते. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत राहा.

दुसरी, सॉकेटची अर्थ पिन न्यूट्रललाच जोडून द्यायची, हा शॉर्टकट. वरवर तपासलं तर अर्थिंग आहे असंच दिसतं. पण न्यूट्रल कुठे तुटली, तर त्या सॉकेटला लावलेल्या वस्तूच्या लोखंडी बॉडीतच फेज येतो. असं करणाऱ्या माणसाला पुन्हा बोलावू नका.

तर हे ते ५ प्रश्न

१. "भाऊ, परवाना आहे का?" नवीन वायरिंग असेल तर परवान्याचा फोटो काढून घ्या. त्यावरची मुदत संपली नाही ना, तेही बघा.

२. "घरात आरसीसीबी आहे का? चालते का?" तिच्यावरचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबायला सांगा. लाईन गेली पाहिजे. नाही गेली तर ती बदला.

३. "अर्थिंग मोजून दाखवता का?" आरसीसीबीचं बटण दाबून अर्थिंग कळत नाही, ती वेगळी तपासावी लागते. नुसता टेस्टर लावून 'आहे' म्हणणं पुरेसं नाही.

४. "कोणत्या जाडीची वायर टाकताय?" साधारणपणे लाईट-पंख्याला १.५, पॉवर सॉकेटला २.५ आणि एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटर. वायर आयएसआय मार्कची घ्या आणि सामानाचं पक्कं बिल मागा.

५. "काम सुरू करण्याआधी काय काय बंद करायचं?" उत्तरात मेन स्विचसोबत इन्व्हर्टरही आला पाहिजे. मेन बंद असला तरी इन्व्हर्टरच्या लाईनमध्ये करंट असतो, आणि हे विसरलं तर जीव त्याच माणसाचा जातो.

'सारखी पडते, काढूनच टाकतो'

आरसीसीबी वारंवार पडायला लागली की हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. ती पडते म्हणजे कुठेतरी गळती आहे. सगळ्या एमसीबी बंद करा, आरसीसीबी चालू करा आणि मग एकेक एमसीबी वर करा. जिला हात लावल्यावर पडली, त्या लाईनवर दोष शोधायला सांगा. कूलरचा जुना पंप, गिझरचं एलिमेंट किंवा ओल आलेली भिंत, बरेचदा यातलंच काहीतरी निघतं. कधी दोन लाईनच्या न्यूट्रल एकत्र जोडलेल्या असतात.

तसंच, "मीटरमध्ये थोडी सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मीटरशी छेडछाड म्हणजे वीजचोरी. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि त्यात नाव ग्राहकाचं येतं.

तरीही शॉक लागलाच तर?

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून दूर करा आणि १०८ वर फोन लावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा.

आणि कूलरमध्ये पाणी भरताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही हे एकदा सांगून ठेवा. खेळून आल्यावर गार हवेसाठी कूलरच्या जाळीला पहिला हात तेच लावतात.