युवा वेगवान गोलंदाजाचा हंगामी कार्यभार : मालगुंड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे गाव मराठी वाचकाला कवी केशवसुतांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. कोकणपट्टीतील इतर गावांप्रमाणेच या परिसरातही पावसाळा सरला की कापणी झालेल्या शेतांत आणि कातळावरील मोकळ्या सड्यांवर क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. त्यात टेनिस चेंडूच्या स्पर्धांचा वाटा मोठा असतो. याच वयोगटातील काही विद्यार्थी महाविद्यालयाच्या संघातून कातडी चेंडूनेही खेळतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमधील रत्नागिरी जेट्स हा संघ आणि 2024 मध्ये सुरू झालेली टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग यांमुळे ग्रामीण गोलंदाजाच्या आकांक्षेला नवे क्षितिज लाभले आहे. तथापि, त्याच्या शरीरावर संपूर्ण हंगामात किती भार पडतो याची नोंद सहसा कोणाकडेही नसते. हा भार कसा मोजावा व कसा नियोजित करावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्यभाराची संकल्पना

कार्यभार म्हणजे खेळाडूने ठरावीक काळात केलेले एकूण शारीरिक काम. गोलंदाजीत त्याचे सर्वांत सोपे एकक म्हणजे टाकलेला चेंडू. या बाबतीत बेसबॉलचा अनुभव मार्गदर्शक ठरतो. अमेरिकेतील लिटल लीग संघटनेने 2007 मध्ये बालखेळाडूंसाठी डावांची मर्यादा बाजूला ठेवून फेकींची मर्यादा स्वीकारली. 2014 मध्ये जाहीर झालेल्या पिच स्मार्ट मार्गदर्शिकेनुसार 15 ते 16 वर्षांच्या खेळाडूने एका दिवसात 95 पेक्षा अधिक फेकी करू नयेत आणि 76 किंवा अधिक फेकी झाल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी, असे अपेक्षित आहे. या नियमातील महत्त्वाचा भाग असा की, विश्रांतीचे दिवस प्रत्यक्ष केलेल्या कामावरून ठरतात. वर्षभरात 100 पेक्षा अधिक डावांत फेक करणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका सुमारे साडेतीन पट असल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाहणीत आढळले होते.

क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या मंडळाने वयानुसार मर्यादा घातल्या आहेत. 14 व 15 वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला सलग 6 व दिवसात 12 षटके, तर 16 ते 19 वर्षांखालील गटांत सलग 7 व दिवसात 18 षटके, असे त्यांचे स्वरूप आहे.

शरीरशास्त्रीय पार्श्वभूमी

बेसबॉलमध्ये मुख्य ताण कोपर व खांद्यावर येतो. वेगवान गोलंदाजीत तो प्रामुख्याने कमरेच्या मणक्यांवर येतो. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट वा त्याहून अधिक बल पायातून वर जाते. त्याच क्षणी पाठ मागे व बाजूला वाकलेली आणि पिळवटलेली असते. ही क्रिया पुनःपुन्हा घडल्याने कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मागील भागात सूक्ष्म तडा जाऊ शकतो. तो बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूस असतो. पौगंडावस्थेत व त्यानंतरच्या काही वर्षांत ही हाडे पूर्णतः परिपक्व झालेली नसतात, म्हणून महाविद्यालयीन वय विशेष जोखमीचे ठरते.

येथे एका प्रचलित समजाचा विचार करणे आवश्यक आहे. कातडी चेंडूचे वजन सुमारे 156 ते 163 ग्रॅम असते. टेनिसचा चेंडू त्याच्या निम्म्याहूनही हलका असतो. त्यामुळे टेनिस चेंडूची गोलंदाजी मोजण्याची गरज नाही, असे मानले जाते. हलक्या चेंडूमुळे खांद्यावरील भार काहीसा कमी होईल. परंतु पाय आदळण्याचे बल गोलंदाजाचे वजन, धाव आणि जमिनीचा कठीणपणा यांवर अवलंबून असते. कातळासारख्या कठीण पृष्ठभागावर पूर्ण वेगाने टाकलेला प्रत्येक चेंडू मणक्याच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

संशोधनाचे तीन निष्कर्ष

ऑस्ट्रेलियातील 2003 च्या अभ्यासात गोलंदाजीच्या दोन सत्रांत सरासरी दोन दिवसांपेक्षा कमी अंतर असणारे, तसेच पाच वा अधिक दिवसांचे अंतर असणारे, असे दोन्ही प्रकारचे प्रौढ गोलंदाज अधिक जायबंदी झाल्याचे दिसले. आठवड्याला 123 ते 188 चेंडू टाकणाऱ्यांच्या गटात धोका तुलनेने कमी होता. म्हणजे अतिश्रम जसा घातक, तसाच अपुरा सरावही. 2005 च्या कुमार गोलंदाजांच्या अभ्यासात सरासरी साडेतीन दिवसांपेक्षा कमी विश्रांती घेणाऱ्यांचा धोका सुमारे तिप्पट आढळला. 2009 च्या अभ्यासाने दाखवले की, एखाद्या सामन्यातील अतिभाराचा परिणाम तीन ते चार आठवड्यांनीही प्रकट होऊ शकतो. त्यामुळे एप्रिलमधील दुखण्याचे कारण मार्चमधील स्पर्धेत शोधावे लागते. नोंद नसेल तर ते सापडत नाही.

जसप्रीत बुमराह यांचे उदाहरण येथे बोलके आहे. 2022 मधील पाठीच्या दुखापतीनंतर त्यांच्यावर मार्च 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली. 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत 151.2 षटके टाकल्यावर अखेरच्या सामन्यात त्यांची पाठ पुन्हा दुखावली. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र ते पाचपैकी तीनच कसोटी खेळतील असे आधीच ठरवले गेले. वैद्यकीय पथक दिमतीला असलेल्या खेळाडूलाही जे नियोजन लागते, ते गावातील अठरा वर्षांच्या मुलाला अधिकच लागते.

कोकणातील हंगाम व त्याचे गणित

मुसळधार पावसामुळे जून ते सप्टेंबर या काळात मैदानी गोलंदाजी जवळजवळ थांबते. त्यानंतर एकदम तीव्र सराव सुरू करणे हा पहिला धोका. सराव क्रमाने कसा वाढवावा याचा एक नमुना पुढे सुचविला आहे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती ठेवून, पहिल्या आठवड्यात प्रतिदिन 24, दुसऱ्यात 30, तिसऱ्यात 36 व चौथ्यात 42 चेंडू टाकावेत. साप्ताहिक बेरीज अनुक्रमे 72, 90, 108 व 126 होते; चार आठवड्यांची सरासरी 99 येते.

आता पाचव्या आठवड्यात तीन दिवसांची गावस्पर्धा आली असे समजू. प्रत्येक सामन्यात दोनच षटके, पण दिवसाला चार सामने, म्हणजे रोज 48 चेंडू व तीन दिवसांत 144. शिवाय महाविद्यालयाच्या सरावात दोन दिवस 36 चेंडू टाकले, तर एकूण 216 होतात. हा भार सरासरीच्या सुमारे 2.2 पट आहे. त्याच आठवड्यात सराव बंद ठेवला, तर गुणोत्तर 1.5 च्या आत राहते. या गुणोत्तराच्या संख्याशास्त्रीय आधारावर अलीकडे आक्षेप घेतले गेले आहेत; म्हणून ते निदानाचे साधन न मानता इशारा मानणे उचित होय. उदाहरणातील दैनंदिन 8 षटके कोणत्याही मर्यादेत बसतात. दोष सलग तीन दिवसांत आणि दोन संघांनी परस्परांची नोंद न ठेवण्यात आहे.

महाविद्यालयाची भूमिका

महाविद्यालयाला गावस्पर्धेवर अधिकार चालवता येत नाही. मंडळासाठी खेळणे ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रतिष्ठेची बाब असते. तिच्यावर बंदी घातल्यास तो खेळेल, मात्र सांगणार नाही. म्हणून नोंदवही खेळाडूच्याच हाती द्यावी. तीत दिनांक, सामन्यातील चेंडू, सरावातील चेंडू, चेंडूचा प्रकार, श्रमाची दहापैकी पातळी आणि वेदना असे सहा रकाने पुरेत. शारीरिक शिक्षण संचालकांनी ती आठवड्यातून एकदा पाहावी आणि स्पर्धेच्या आठवड्यात महाविद्यालयाचा सराव स्वतःहून कमी करावा. पाठ मागे वाकवताना कमरेच्या एका बाजूस दुखत असेल, तर गोलंदाजी तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. साध्या क्ष-किरण चित्रात प्रारंभीचा तडा न दिसण्याची शक्यता असते, हेही ध्यानी ठेवावे. तो भरून येण्यास काही महिने लागतात. वेळेत ओळखल्यास बहुधा शस्त्रक्रियेची गरज भासत नाही.

समारोप

युवा गोलंदाजाच्या संरक्षणासाठी महागडी उपकरणे अपरिहार्य नाहीत. चेंडूंची प्रामाणिक मोजणी, सत्रांमधील अंतर, क्रमाक्रमाने वाढ आणि वेदनेची वेळीच दखल या चार गोष्टी कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. अशा नोंदी काही वर्षे सातत्याने ठेवल्यास कातळावरील टेनिस चेंडूच्या गोलंदाजीविषयी स्थानिक माहितीचा आधारही निर्माण होईल. त्या आधारावर कोकणातील खेळाडूंसाठी स्वतंत्र मर्यादा ठरविणे पुढील अभ्यासकांना शक्य होईल.