तीन चटयांची खोली

ओसाकात भाषा शिकायला गेलो तेव्हा घर मिळेना. जामीनदार हवा, अनामत हवी, वर घरमालकाला बक्षिसी. शेवटी २०१८च्या शरद ऋतूत कामागासाकीत खोली घेतली. वर्गातल्या जपानी मित्राला पत्ता सांगितला, तर तो क्षणभर गप्प झाला आणि हळूच म्हणाला, "रात्री बाहेर पडू नका." जपानी माणूस इतके स्पष्ट बोलला म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला तोवर कळू लागले होते.

कामागासाकी हे नाव नकाशात सापडत नाही. १९६६ साली सरकारने या वस्तीचे 'आइरिन' असे बारसे केले. अर्थ, शेजाऱ्यावर प्रेम. लोक मात्र 'कामा'च म्हणतात. उत्तरेला शिन-इमामिया स्टेशन, थोड्या अंतरावर ३०० मीटर उंचीची 'आबेनो हारुकास' इमारत, आणि तिच्या दिव्यांखाली ही रोजंदारीवरच्या मजुरांची वस्ती.

मजुरांच्या लॉजला इथे 'दोया' म्हणतात. जपानीत मुक्कामाच्या जागेला 'यादो'. त्याची अक्षरे उलटी केली की 'दोया'. माझी खोली तीन तातामींची, म्हणजे सहा फूट बाय नऊ. गादी अंथरली की जमीन संपली. दिवसाला पंधराशे येन, कागदपत्रांची कटकट नाही. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मला सामाईक संडासाचे काय नवल! नवल वाटले ते शांततेचे. चाळीत भिंतीपलीकडची भांडणे तोंडपाठ असत. इथे मजल्यावर वीस माणसे, आणि ऐकू येई फक्त खोकला.

पहाटे पाचला कामगार केंद्राचे शटर वर जाई. ठेकेदारांच्या गाड्या उभ्या असत. काचेवर काम, ठिकाण आणि मजुरी लिहिलेला कागद. हे केंद्र १९७० सालचे. त्याच वर्षी ओसाकात जागतिक प्रदर्शन भरले आणि त्याच्या बांधकामासाठी गावोगावची तरुण माणसे इथे आली. प्रदर्शन संपले, माणसे राहिली. १९६१ साली मोटारीखाली सापडलेल्या एका मजुराचा मृतदेह पोलिसांनी रस्त्यावरच पडू दिला म्हणून इथे पहिली दंगल पेटली. शेवटची २००८ मध्ये. मी गेलो तोवर दंगा करणारे म्हातारे झाले होते आणि बरेचसे सरकारी मदतीवर जगत होते.

माझ्या शेजारच्या खोलीत असेच एक आजोबा होते. मी त्यांना 'ओजिसान' म्हणे, ते मला 'इंदो-सान'. ऐन विशीत त्यांनी प्रदर्शनासाठी लोखंड वाहिले होते. एकदा मी त्यांना आमटी दिली. दुसऱ्या दिवशी भांडे घासूनपुसून दाराशी, आत दोन संत्री. रिकामे भांडे परत करू नये, हे आईने मला लालबागेत शिकवले होते. त्यांना कोणी शिकवले, ते विचारायचे राहून गेले. 'कामा'त कोणी कोणाला गाव, बायको, नाव विचारत नाही. कर्ज, तुरुंग किंवा लाज मागे टाकून आलेल्यांची ती एवढीच मिळकत.

फेब्रुवारीतल्या एका रात्री भिंतीपलीकडचा खोकला थांबेना. मग एकदम थांबला. मी दार ठोठावले, मॅनेजरला उठवले. रुग्णवाहिका आली. माणसाने वही काढून मला विचारले, "यांचे नाव?"

मला सांगता येईना. मॅनेजरने रजिस्टर पाहून एक आडनाव सांगितले आणि खाली मान घालून म्हणाला, "खरे असेलच असे नाही." चार दिवसांनी ते गेल्याचे कळले.

एप्रिल २०१९ मध्ये केंद्राचे शटर कायमचे खाली आले. इमारत भूकंपाला टिकणार नव्हती म्हणे. २०२२ साली स्टेशनसमोर पर्यटकांसाठी चकचकीत हॉटेल उभे राहिले आणि २०२५ मध्ये ओसाकात पुन्हा जागतिक प्रदर्शन भरले.

परत येण्याआधी, त्याच २०१९च्या ऑगस्टमध्ये, मी त्रिकोणी बागेतल्या उन्हाळी जत्रेला गेलो. तिथे वर्षभरात गेलेल्या माणसांच्या नावांपुढे उदबत्ती लावतात. मीही रांगेत उभा राहिलो. नावे वरपासून खालपर्यंत वाचली. त्यांतले आजोबांचे कोणते, हे मला कळणार नव्हते. मागे रांग खोळंबली होती. मी सगळ्यांनाच नमस्कार केला, दोन संत्री ठेवली आणि बाजूला झालो.