आज्जीची डोण

गेल्या वर्षी आमचं बेळगावचं जुनं घर पाडून तिथे इमारत बांधायचं ठरलं. तांब्याचा बंब, पितळी घंगाळं, सागवानी कपाटं नातेवाइकांनी हौसेने नेली. उरली ती न्हाणीघरातली दगडी डोण. अख्ख्या काळ्या दगडातून कोरलेली, भिंतीला न टेकलेली, चुना-सिमेंटशिवाय जमिनीवर नुसती ठेवलेली. आज्जी पहाटे ती काठोकाठ भरून ठेवायची. उन्हाळ्यात आम्ही भावंडं थेट तिच्यातच उतरायचो आणि ओरडा खायचो.

कंत्राटदार म्हणाला, "फोडून टाकतो." मी बंगळुरूहून फोनवर सांगितलं, "चालेल." बाबा काहीच बोलले नाहीत.

पुढच्याच महिन्यात मित्रांबरोबर हंपीला गेलो आणि तिथून हिरे बेणकलला. कोप्पळ जिल्ह्यात, गंगावतीजवळ हे गाव आहे. दम काढणारी खडकाळ टेकडी चढून वर गेलं की एक वस्तीच समोर येते, पण ती मृतांची. लोहयुगातली, साधारण इ.स.पू. 800 ते 200 या काळातली सुमारे 400 शिळास्मारकं इथे आहेत. ग्रॅनाइटच्या शिळा उभ्या करायच्या आणि वर एक आडवी शिळा छतासारखी ठेवायची, अशा या कोठड्या. काही बुटक्या, तर काही जवळजवळ तीन मीटर उंच. काहींच्या एका शिळेला गोल भोक पाडलेलं. निजामाच्या नोकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलरने 1835 मध्ये यांच्याविषयी लिहिलं होतं. 2021 पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे.

दोन शिळांच्या फटीत मी बोट घालून पाहिलं. आत काहीच नाही. शिळा शिळेला टेकलेली आणि वरच्या शिळेचं वजन सगळ्यांना दाबून धरणारं. तिथलं तळं तर मला फारच आवडलं. स्मारकांसाठी दगड काढून झालेल्या खड्ड्यात पाणी साठलं आणि ते अजूनही आहे.

पण बऱ्याच कोठड्या पडलेल्याही दिसल्या. गुप्तधनाच्या आशेने लोकांनी त्या उकरल्या. अडीच हजार वर्षं ऊन-पावसात टिकलेली कोठडी पहार घेतलेली चार माणसं एका रात्रीत पाडू शकतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सुट्या दगडाला कुणी जखडलेलं नसतं, म्हणून तो टिकतो आणि म्हणूनच तो सहज जातोही. त्याला सांभाळतात ती आसपासची माणसं. आणि आमच्या डोणीच्या बाबतीत ते माणूस मी होतो.

टेकडीवरूनच फोन लावला. "बाबा, डोण फोडली का हो?"

"नाही. तू येऊन एकदा बघशील, म्हणून थांबवलंय त्याला."

घरी गेल्यावर टेप घेऊन मापं घेतली. चार फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच. काठ चार इंच जाड. हिशेब केला तर वजन आठशे किलोच्या आसपास आलं आणि पाणी मावतं जवळजवळ तीनशे लिटर. सहा जणांनी पहारी लावून, गोल ओंडक्यांवरून सरकवत ती अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत आणली. सबंध दिवस गेला. बाबा शेवटपर्यंत उन्हात उभे होते.

आता नव्या इमारतीच्या फाटकाशी ती आहे. सकाळी बाबाच ती भरतात. चिमण्या येतात, खालच्या मजल्यावरची पोरं हात बुडवतात आणि बाबा त्यांना आज्जीसारखंच ओरडतात.

तुमच्याही जुन्या घरात डोण, जातं, पाटा-वरवंटा असं काही असेल. घर पाडायला काढण्याआधी त्याचं माप घ्या, फोटो काढा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कुणी आणलं? आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर फक्त आज्जीला ठाऊक होतं आणि ती असताना मी कधी विचारलंच नाही.